मोडीतल्या लोखंडाची शिल्पे



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि ग्रॅच्युइटी यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती पुष्कळदा खरीही ठरते. यंदा चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मोडीतल्या लोखंडाची शिल्पे’ असा सांगितला. त्यांना तो काहीसा चमत्कारिक वाटला असावा, कारण ‘म्हणजे नेमके काय?’ असे त्यांनी दोनदा विचारले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे काही गिरणीत, काही यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा कलेचे शास्त्र सांगण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. पण लोखंड हाताखालून गेलेले आहे, आणि ज्यांच्या हातून ही शिल्पे होतात ती माणसे आमची आहेत, एवढ्या भांडवलावर बोलतो.

‘मोड’ हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. तुटके-फुटके भांडे म्हणजे मोड, आणि मटकीला फुटतो तोही मोडच. आपल्या आयाबाया तांब्या-पितळेच्या दुकानात मोड घालून नवे पातेले आणत. वजन करून मोडीचे पैसे वळते व्हायचे आणि वरची घडणावळ रोख द्यावी लागायची. हा घडणावळ शब्द ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

या सात रस्त्यावरून दिवसाकाठी भंगाराच्या किती हातगाड्या जातात ते कोणी मोजले नसेल. त्यांत पत्रा असतो, सायकलीच्या कड्या असतात, मोटारसायकलींच्या साखळ्या असतात. आणि सोलापूरचे म्हणून जे खास भंगार आहे, ते म्हणजे मागाचे सुटे भाग. १८७७ साली इथे जुनी गिरणी निघाली. तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. भोंग्यावर गावाची घड्याळे लागत. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि चात्या, माग, शाफ्ट, पुल्या सारे वजनावर गेले. गिरण्यांनंतर यंत्रमाग राहिला. त्यानेच सोलापुरी चादर आणि टॉवेल देशभर नेले. पण आता जुन्या धोट्याच्या मागाच्या जागी बिनधोट्याचे जलद माग येत आहेत आणि जुना माग मोडीत निघतो आहे. तो कसा निघतो हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागाच्या बाजूच्या चौकटी बिडाच्या. त्या अख्ख्या उचलणे जड जाते, म्हणून घण घालून तिथल्या तिथेच फोडतात. बीड ठिसूळ असल्याने चार-पाच घावांत तुकडे होतात. ज्या मागावर एखाद्याची उभी हयात गेली, तो माग अर्ध्या तासात टेम्पोत भरला जातो.

अशाच एका शेडमध्ये आमच्या संघटनेचे एक जुने सभासद होते. मागांची जुळवाजुळव करणारे जॉबर. सारे त्यांना मामा म्हणत. माग फुटत असताना त्यांनी मालकाकडून चार-दोन दातेरी चाके, जॅकार्डचे थोडे हूक आणि एक पिकरचा दांडा मागून घेतला. मालकाने हसून दिला. पंधरा दिवसांनी मामांनी आमच्या कचेरीत एक वीतभर उंचीचा विणकर आणून ठेवला. पाठ वाकलेली, एक हात हात्यावर, आणि डोक्याच्या जागी एक झिजलेले बेअरिंग. आमच्याकडे तक्रारी घेऊन येणारी माणसे त्या दिवशी तक्रार विसरून त्याच्याभोवती उभी राहिली. कोणी म्हणाले, हा आमच्या शेजारच्या अण्णांसारखा दिसतो. त्या बाहुल्याला नाक नव्हते, डोळे नव्हते. पण पाठीचा बाक बरोबर पकडला होता.

तेथून हे काम सुरू झाले. आज संध्याकाळच्या वेळी सहा-सात जण एकत्र बसतात. त्यांत दोन स्त्रिया आहेत. त्यांतल्या एक अक्का विडी कामगार. विडीच्या पानाला पत्र्याचा साचा लावून कात्रीने पान कापायचे, हे काम त्यांनी तीस-बत्तीस वर्षे केले. धार लावून लावून कात्रीची पाती बोटभर उरतात, मग ती कात्री फेकायची. अक्कांनी अशा बाद कात्र्या घरोघरून गोळा केल्या. कात्री थोडी उघडली की पक्ष्याची चोच होते आणि बोटे घालायच्या कड्यांना जरा वाकवले की पंखांचा घेर होतो. आमच्याकडचे सगळ्यांत चांगले बगळे अक्कांच्या कात्र्यांचे आहेत, हे आम्ही भीड न ठेवता सांगतो.

आता थोडे कामाविषयी. पुष्कळांना वाटते की भंगार घ्यावे, वेल्डिंगची ठिणगी द्यावी आणि चिकटवावे. तसे नाही. लोखंड लोखंडाला चिकटते हे अर्धेच खरे. साध्या नरम पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो. ते गुण्यागोविंदाने जुळते. बेअरिंगच्या पोलादात कार्बन सुमारे एक टक्का आणि क्रोमियम दीड टक्का. त्याला झटकन तापवून झटकन थंड होऊ दिले तर सांध्याच्या बाजूलाच तडा जातो. बिडात कार्बन अडीच ते चार टक्के, म्हणून ते सर्वांत नाठाळ. त्याला आधी तापवावे लागते, निकेलची महागडी सळई वापरावी लागते आणि नंतर राखेत पुरून सावकाश निववावे लागते. मामांनी यावर सोपा तोडगा काढला. बिडाला ते वेल्डिंग करीतच नाहीत. भोक पाडतात आणि बोल्टने कसतात. बोल्ट लपवतही नाहीत.

मग कोणता तुकडा कशाचा हे ओळखायचे कसे? सोनाराकडे कसोटीचा दगड असतो, आमच्याकडे ग्राइंडरचे चाक आहे. तुकडा चाकावर टेकवायचा आणि ठिणग्या पाहायच्या. नरम पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळसर पांढऱ्या, सरळ जाणाऱ्या. कार्बन वाढला की त्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटू लागतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस, चाकापाशीच विझणाऱ्या. आमच्यातला एक पोरगा अवघा एकोणीस वर्षांचा आहे, आय. टी. आय. अर्धवट सोडलेला, तो अंधारात नुसत्या ठिणग्यांवरून भाग सांगतो आणि सहसा चुकत नाही. परीक्षेच्या कागदावर त्याला हे कोणी विचारले नाही.

तेल आणि चरबट काढायला धुण्याचा सोडा घातलेले उकळते पाणी पुरते. गंज तारेच्या ब्रशाने काढतात, पण सगळा काढायचा नाही. आम्हांला चकचकीत शिल्प आवडत नाही. ते दुकानातल्या बक्षिसाच्या ढालीसारखे दिसते. शेवटी किंचित गरम लोखंडावर जवसाचे तेल चोळले की काळसर रंग धरतो, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत तो बरेच दिवस टिकतो.

ही कल्पना काही सोलापुरात जन्माला आली नाही. या कलेचा इतिहास वाचताना आम्हांला एक गोष्ट सापडली आणि ती वाचून आम्ही वाचनालयातच मांडीवर थाप मारली. वेल्डिंग ही शिल्पकारांनी शोधलेली विद्या नव्हे, त्यांनी ती कारखान्यातून उचलली. हुलिओ गोन्झालेझ हा बार्सिलोनाचा, धातुकाम करणाऱ्या घराण्यातला. १९१८ साली तो फ्रान्समध्ये रेनॉ मोटारीच्या कारखान्यात कामाला होता आणि गॅसचे वेल्डिंग तेथे शिकला. दहा वर्षांनी, १९२८ मध्ये, जगप्रसिद्ध पिकासोला लोखंडात काही करावेसे वाटले तेव्हा हात मागायला तो या गोन्झालेझकडे गेला. अमेरिकेतला डेव्हिड स्मिथ १९२५ च्या उन्हाळ्यात स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्यात कामाला होता. १९३३ मध्ये त्याने वेल्डिंगची पहिली शिल्पे केली. आणि दुसऱ्या महायुद्धात तो रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर म्हणून राबला. पोलाद कामगारांच्या संघटनेचा तो सभासद होता. ही माहिती आम्हांला जरा जास्तच आवडली, हे श्रोत्यांनी ओळखले असेल.

पिकासोचे १९४२ मधले ‘बैलाचे डोके’ हे तर सर्वांना समजेल असे उदाहरण आहे. सायकलीची एक सीट आणि एक हँडल; बस, दोनच वस्तू. सीट उभी धरली की बैलाचे तोंड आणि हँडल वर लावले की शिंगे. आपल्या सांगोला-पंढरपूरकडचा खिलार ज्याने पाहिला आहे त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. खिलाराची शिंगे अशीच मागे जाऊन वर वळतात. या कामाचे मर्म त्या डोक्यात आहे असे आम्हांला वाटते. पाहणाऱ्याला बैल दिसतो, पण सायकल पुसली जात नाही. दोन्ही एकदम दिसतात.

इथे ओताऱ्याच्या कामाशी ताडून पाहा. ओतारी जुनी पितळ मुशीत घालतो, तिचा रस करतो आणि साच्यात ओततो. ते थोर काम आहे. आपल्याच सोलापूरचे भगवान रामपुरे यांचा ब्राँझचा बैल २००८ पासून मुंबईच्या शेअर बाजाराच्या दाराशी उभा आहे, त्याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. पण ओतकामात धातू आपले पूर्वीचे नाव विसरतो. मोडीच्या शिल्पात ते नाव राहते. विणकराच्या गुडघ्यात जे चाक आहे ते मागाचे आहे आणि त्याचे तीन दाते झिजलेले आहेत, हे जॉबरला लांबून कळते.

मुंबईच्या पिलू पोचखानवाला या पारशी बाईंनीही स्वतःच्या हिमतीवर शिल्पकला शिकून भंगार लोखंडाला हात घातला. १९२३ चा जन्म आणि १९८६ साली निधन. स्त्रीने लोखंड जोडणे ही गोष्ट त्या काळी केवढी मोठी! हाजीअलीच्या चौकात त्यांचे एक शिल्प एकेकाळी उभे होते. आणि अलीकडे, २०१९ मध्ये, दक्षिण दिल्ली महानगरपालिकेने सुमारे दीडशे टन भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृतींचे उद्यान केले. त्यात ताजमहाल आहे, आयफेल मनोरा आहे. गर्दीही होते म्हणतात. आमचे मत विचाराल तर मोडीतून दुसऱ्याच्या ताजमहालाची नक्कल करण्यात मोडीचे काही साधत नाही; पण दीडशे टन जोडणाऱ्या वेल्डरांना नमस्कार केला पाहिजे. बाजारात नट-बोल्टांचा गिटार वाजवणारा माणूस मिळतो, त्याच्याविषयीही आमचे हेच मत आहे. आमच्या सोलापुरात गिटार किती जण वाजवतात? मांडीवर सूप घेऊन विडी वळणारी बाई इथे गल्लोगल्ली आहे. तिला कोणी लोखंडात करीत नव्हते. अक्कांनी केली. सूप केले रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे.

आता घडणावळीकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे.

एक व्यापारी आमच्याकडे आले. नाव सांगण्याचे कारण नाही. भेटवस्तूंचा मोठा धंदा आहे. त्यांना मोर आवडला, आणि त्यांनी पाचशे मोरांची मागणी बोलून दाखवली. सहा-सात माणसांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले असेल ते सांगायला नको. मग भावाची गोष्ट निघाली. त्यांनी मोर तराजूवर ठेवला. दीड किलो भरला. म्हणाले, ‘मोडीचा भाव किलोला तीस धरू, पंचेचाळीस झाले, तुमच्या हौसेचे आणखी पंचावन्न. नगाला शंभर.’ त्या मोराला आमच्या माणसाचे नऊ तास लागले होते. सळया, वीज, ग्राइंडरची चाके वेगळीच. म्हणजे तासाला हातात पाच-सहा रुपयेसुद्धा पडेनात.

आमच्या मंडळींत दोन तट पडले. पोरगा म्हणाला, दादा, घेऊन टाकू, पाचशे आहेत, हात बसेल, नऊ तासांचे चार होतील. त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते; घरी त्याची आई आजारी आहे. अक्का मात्र म्हणाल्या, ‘हजार विड्यांचा भाव ठरवताना बी असंच म्हणायचे, हात बसंल, लवकर हुतील. हात बसला. भाव बी बसला.’ नगावारी मजुरीचे सारे अर्थशास्त्र त्या दोन वाक्यांत आले. हात जलद झाला की दर उतरतो आणि जलद होण्याचा नफा दुसऱ्याच्या खिशात जातो. मोर पाचशे झाले की तो मोरही राहात नाही, तो नग होतो. आणि नगाला साचा हवा, एकसारखे भाग हवेत. मग मोडीतून निवडण्याचे काम संपले, बाजारातून नवे नट विकत आणून मोडीसारखे दिसतील असे जोडायचे! हसू नका, असे होत असते.

शेवटी उत्तर असे गेले की किंमत तासांवर ठरेल. कुशल कामगाराचा जो किमान दर कायद्याने ठरलेला आहे त्याच्या खाली एक पैसा नाही, आणि पाचशेऐवजी महिन्याला वीस. व्यापारी गेले. अजून परत आलेले नाहीत. पोरगा काही दिवस रुसून होता. त्याला मोटारसायकलच्या गॅरेजात अर्धवेळ काम मिळवून दिले आहे, संध्याकाळी पुन्हा येतो. हा निर्णय बरोबर होता की नाही यावर आमच्यात अजून बोलणे होते, आणि ते होत राहावे असेच आम्हांला वाटते.

दुसरा प्रश्न अंगाला लागण्याचा. हौशी तरुणांनी हे नीट ऐकावे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाइप वेल्डिंगने तापला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डरांना हा ताप ठाऊक असतो, डॉक्टरांना पुष्कळदा नसतो. क्रोमचा मुलामा त्याहून वाईट. मोटारसायकलचा शॉक अब्सॉर्बर आत तेल आणि दाब घेऊन बंद असतो. त्याला ज्वाला लावली तर तो बॉम्बसारखा फुटतो. आणि काचेशिवाय आर्ककडे पाहिले की रात्री डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखे होते. आमच्याकडे हातमोजे, काच आणि बूट नसतील तर त्या दिवशी काम नाही, हा नियम मामांनाही लागू आहे आणि ते त्यावर कुरकुर करतात.

पण सर्वांत मोठा धोका दिसत नाही, त्याला वासही नसतो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागातल्या भंगार बाजारात एक जुने प्रयोगशाळेचे यंत्र लिलावातून आले. त्याच्या आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू होता. कामगारांनी ते फोडले. चमकणारा तुकडा पाहून कुतूहलाने हाताळला. अनेक जण भाजले आणि एक कामगार दगावला. ज्यांनी ते यंत्र विकले ती शिकलेली माणसे होती. ज्यांनी ते फोडले त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. मोड गोळा करणारा माणूस हा आपल्या समाजातला शेवटचा तपासनीस आहे, आणि त्याच्या हातात तपासायचे एकही साधन नाही. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. कचरा वेचणाऱ्या बायांना ओळखपत्र मिळणे, त्यांना कामगार म्हणून मोजले जाणे ही केवढी लढाई होती! आपल्या हातातल्या सुंदर बगळ्याच्या मागे कात्री वेचून आणणारा एक हात आहे, तोही हिशेबात धरायला हवा. आमच्या पुठ्ठ्यावरच्या हिशेबात वेचणाऱ्याचा वेगळा रकाना आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही पर्यावरणाचे मोठे काम करता. अलीकडे या कामाला ‘अपसायकलिंग’ असे भारदस्त नाव मिळाले आहे आणि त्या नावाने टाळ्याही मिळतात. पण हिशेब हिशेबासारखा करू या. लोखंडाची मोड वाया जात नाही. ती जालन्याच्या भट्ट्यांत जाते आणि सळई होऊन परत येते. एक टन मोड वितळवली तर सुमारे १.४ टन खनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. म्हणजे आमचा दीड किलोचा मोर भट्टीत गेला असता तरी पृथ्वीचे नुकसान झाले नसते, उलट थोडा फायदाच होता. आम्ही हवा शुद्ध करीत नाही. एका झिजलेल्या चाकाकडे दुसऱ्यांदा पाहायला लावतो, इतकेच; आणि त्यासाठी दीड किलो लोखंड अडवून ठेवायला काही हरकत नसावी.

याच कारणाने एक गोष्ट मात्र तोडू नये, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. गेल्या वर्षी एका शेडमध्ये एक जुना माग संपूर्ण अवस्थेत मिळण्याची शक्यता निर्माण झाली. जॅकार्डसह, पुठ्ठ्याच्या भोकांच्या कार्डांची माळ अजून लटकलेली. आमच्यातल्या एकाने हिशेब मांडला की त्यातून चाळीस-पन्नास शिल्पे होतील. मामा एकदम म्हणाले, ‘त्याला हात लावायचा नाही.’ ते बरोबर बोलले. फुटलेल्या मागाचे शिल्प करावे. चालू शकणाऱ्या मागाचे करू नये. ज्या शहराने दीडशे वर्षे कापड विणले, त्या शहरात शाळेतल्या मुलाला एक तरी माग तेल घालून, पट्टा चढवून, खडखडताना पाहता आला पाहिजे. आमचा विणकर कितीही चांगला झाला तरी तो चादर विणू शकत नाही. तो माग तूर्त त्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. शेडवाल्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. जागा हवी, आणि वाहतुकीला क्रेन. श्रोत्यांपैकी कोणाची कोरडी, पक्क्या फरशीची, निदान बारा फूट लांब-रुंद आणि जॅकार्ड मावेल इतकी उंच अशी जागा असेल तर व्याख्यानानंतर मामांना भेटावे. ते दारापाशी उजव्या हाताला बसले आहेत, पांढरी टोपी.

सभागृहाच्या मागच्या बाजूला दोन टेबलांवर पंचवीस शिल्पे मांडली आहेत. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी आहे. तीवर वजन लिहिलेले नाही, कोणी केले आणि किती तास लागले ते लिहिले आहे. हात लावून पाहायला हरकत नाही, मुलांनाही पाहू द्या. फक्त कडेच्या बैलाची शिंगे अजून घासायची राहिली आहेत, त्याला सांभाळून.